विंडहेल्ममधला खून आणि जर्नलमधला बाण

एरंडोल-पद्मालयाच्या बाजूला कुणालाही विचारा, तो सांगेल की एकचक्रानगरी म्हणजे हीच आणि भीमानं बकासुराला मारलं ते इथंच. खरंखोटं जाणकारांनी ठरवावं. पण त्या गोष्टीची ठेवण बघा. पांडव लाक्षागृहातून निसटलेले, वेश पालटून एका ब्राह्मणाच्या घरी उतरलेले. एक दिवस घरात रडारड ऐकू येते. चौकशी केल्यावर कळतं की राक्षसाकडं गाडाभर अन्न आणि एक माणूस पाठवायची पाळी आज या घराची आहे. कुंती भीमाला पुढं करते. भीम गाडा घेऊन जातो, राक्षसाचं जेवण स्वतःच चापतो, मग राक्षसाला लोळवतो आणि विषय संपतो. ही गोष्ट महाभारतातून उचलून बाजूला ठेवली तरी कुरुक्षेत्रावरचं युद्ध व्हायचं ते होणारच. तरीही लहान मुलांना आपण आधी तीच सांगतो.

गेमच्या दुनियेत अशा गोष्टीला साइड क्वेस्ट म्हणतात. मुख्य कथानक आपल्या जागी असतं, आणि नायक गावोगाव हिंडताना लोक त्याच्यापुढं आपापली गाऱ्हाणी मांडतात. कुणाची अंगठी हरवलेली असते, कुणाच्या खाणीत कोळी शिरलेले असतात, कुणाचा भाऊ परत आलेला नसतो. काम घेतलं तर घेतलं, नाही घेतलं तर जगबुडी होत नाही. या सगळ्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली आणलेला, कागद आणि फाशांवर खेळायचा खेळ. त्यात गोष्ट चालवणारा एक माणूस टेबलाशी बसलेला असतो. खेळाडूनं भलतंच काही केलं की तो जागच्या जागी गोष्ट वळवून घेतो. कॉम्प्युटरमध्ये हा माणूस नाही. त्याच्या जागी आधीच लिहून ठेवलेल्या अटी आहेत. क्वेस्ट सुटते कशी आणि अडकते कशी, हे समजायला एवढा फरक ध्यानात ठेवला तरी पुष्कळ झालं.

नुसतं वरवर बोलण्यापेक्षा एकच क्वेस्ट घेऊ आणि ती सोलून बघू. खेळ आहे 'द एल्डर स्क्रोल्स ५: स्कायरिम', बेथेस्डा गेम स्टुडिओजचा, ११ नोव्हेंबर २०११ ला आलेला. मुख्य कथा ड्रॅगनांची: आल्डुइन नावाचा महाड्रॅगन परतलाय आणि त्याला थोपवायचंय. आपली क्वेस्ट मात्र ड्रॅगनशी काडीचा संबंध नसलेली, 'ब्लड ऑन द आइस'. बर्फाळ शहरात एकामागून एक बायकांचे खून होतायत आणि खुनी शोधायचा आहे. पुढं खुन्याचं नाव येणार आहे. ज्यांना ते स्वतःच शोधायचंय त्यांनी इथंच थांबावं.

खेळ जुना झालाय, म्हणून तर साध्या कॉम्प्युटरवरही चालतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडं पारा ४५ अंशांना टेकला की दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते. पोरं कूलरच्या वाऱ्यात बसून हिमवादळात हिंडतात. आयांची तक्रार ठरलेली: दिवसभर नुसती मारामारी. या क्वेस्टमध्ये शेवटच्या अर्ध्या मिनिटापर्यंत तलवार म्यानातून काढावीच लागत नाही. सगळं काम डोक्याचं, आणि त्याहून जास्त कानांचं.

आधी यंत्र आतून कसं चालतं ते बघू.

क्वेस्ट म्हणजे खेळाच्या पोटातला टप्प्यांचा एक तक्ता. टप्प्यांना आकडे दिलेले असतात, बहुधा १०, २०, ३० असे अंतर राखून, म्हणजे नंतर मध्ये काही घुसवायचं झालं तर जागा राहते. तुम्ही एखादी गोष्ट केली, कुणाशी बोललात, एखादी वस्तू उचललीत, एखाद्या दारातून आत शिरलात, की आकडा पुढं सरकतो. आकडा सरकला की जर्नलमध्ये, म्हणजे खेळातल्या नोंदवहीत, नवी ओळ उमटते, नकाशावरचा बाण दुसऱ्या माणसाच्या डोक्यावर जातो, आणि काही पात्रांच्या तोंडी आधी नसलेली वाक्यं येतात. आपल्याकडं शेताची फेरफार नोंद होते तसंच हे. तलाठी नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस जातात, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो, मग कुठं सातबाऱ्यावर नाव चढतं. जमीन तुमची आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असलं तरी मधली नोंद झाली नसेल तर पुढचा कागद हलत नाही. क्वेस्टचंही तेच. खुनी कोण हे तुम्ही पहिल्या मिनिटाला ओळखलंत, तरी खेळाच्या लेखी ते 'झालेलं' नसतं. त्या माणसासमोर उभं राहून 'तूच तो' म्हणायचं वाक्यच यादीत येत नाही, कारण त्या वाक्याची अट आहे अमुक टप्पा.

नवख्या खेळाडूची निम्मी चिडचिड इथून येते. त्याला वाटतं, खेळ मूर्ख आहे. खेळ मूर्ख नाही. त्याला तुमच्या मनातलं दिसत नाही, फक्त वहीतला आकडा दिसतो.

दुसरी गोष्ट, पात्रं. स्कायरिममधल्या पात्रांना दिनचर्या दिलेली आहे. सकाळी दुकान उघडायचं, संध्याकाळी खानावळीत बसायचं, रात्री घरी जाऊन झोपायचं. बेथेस्डानं या सगळ्या यंत्रणेला 'रेडियंट एआय' असं नाव दिलंय. खेळातला वेळ आपल्यापेक्षा २० पट वेगानं पळतो, म्हणजे तिथला एक दिवस आपल्या ७२ मिनिटांत उरकतो. म्हणून बाण दाखवतोय ते घर कुलूपबंद मिळालं तर दार तोडत बसू नये. बाई झोपलेली असेल. वाट बघण्याची सोय आहे, काही तास पुढं ढकलायचे आणि सकाळी जायचं.

आता विंडहेल्म, खून होतायत ते शहर. साम्राज्याविरुद्ध उठलेल्या स्टॉर्मक्लोक बंडखोरांची राजधानी, दगडी, कळकट, वर्षभर बर्फ. शहराचा यार्ल, म्हणजे सरदार, उल्फ्रिक लढाईच्या नादात, पहारेकरीही त्याच कामाला जुंपलेले. शहरात बायका मरतायत आणि शोध घ्यायला कुणाला वेळ नाही, ही या क्वेस्टची पार्श्वभूमी मला फार नेमकी वाटते. त्यामुळंच परक्या वाटसरूला तपास करायची परवानगी मिळते हे पटतं. एरवी अशा खेळांत कुणीही उपटसुंभ येतो आणि राजा त्याच्या हाती राज्य सोपवतो.

क्वेस्ट कुणी बोलावून देत नाही. शहरात काही फेऱ्या व्हाव्या लागतात, आणि मग रात्रीच्या वेळी आत शिरलं की 'कँडलहार्थ हॉल' या खानावळीमागच्या स्मशानात घोळका दिसतो. मध्ये सुझाना पडलेली, त्याच खानावळीत काम करणारी. बऱ्याच जणांना ही क्वेस्ट कधी दिसतच नाही याचं कारण हेच: ते दिवसाढवळ्या येतात, सामान विकतात आणि निघून जातात. फेऱ्यांची नोंद आणि रात्रीची वेळ, या अटी जुळल्याशिवाय पहिला आकडा हलत नाही.

पहारेकरी सांगतो, जमलेल्यांना विचारा. तिघं आहेत. सिल्डा नावाची भिकारीण, हेलगर्ड ही मृतांचं क्रियाकर्म पाहणारी पुजारीण, आणि कॅलिक्स्टो कोरियम, गावात चित्रविचित्र वस्तूंचं छोटं संग्रहालय चालवणारा सभ्य गृहस्थ. तिघांशी बोलून पहारेकऱ्याला सांगायचं, मग राजवाड्यात जाऊन कारभारी जोर्लेफची परवानगी घ्यायची. इथवर सगळं सरळ.

माझा भाचा भुसावळहून सुटीत आला की आम्ही दोघं मिळून खेळतो. त्याचं इंग्रजी वाचन जेमतेम, म्हणून त्याला सांगितलं, वहीत लिहीत जा. त्याच्या वहीच्या मागच्या पानावर असं होतं: 'सिल्डा – पाहिलं नाही. हेलगर्ड – वाकडी सुरी, जुने लोक मढ्यासाठी वापरायचे. कॅलिक्स्टो – प्रेताजवळ. का?' त्या 'का' खाली दोन रेघा मारलेल्या. बहीण चहा घेऊन आली आणि पडद्याकडं बघून म्हणाली, "काय रे भाऊ, दुपारपासून दोघं त्या मुडद्याकडंच पाहू राह्यले!"

हेलगर्डचं ते वाक्य नीट ऐकण्यासारखं आहे. परवानगी मिळाल्यावर तिला मृतांच्या दालनात गाठलं की ती सांगते, जखमा वाकड्या पात्याच्या आहेत, जुने नॉर्ड, म्हणजे याच मुलखातले लोक, प्रेतं जतन करायला वापरत तसल्या हत्याराच्या. ही माहिती जर्नलमध्ये ठळक होऊन बसत नाही. ती ऐकणाऱ्याच्याच लक्षात राहते. प्राचीन, विचित्र, दुर्मीळ वस्तू या शहरात कुणाकडं असतात, हा प्रश्न इथंच पडायला हवा.

घटनास्थळापासून रक्ताचे डाग निघतात आणि ह्येरिम नावाच्या बंद घरापाशी पोचतात. हे घर फ्रिगा शॅटर-शील्डचं, म्हणजे आधी बळी गेलेल्या मुलीचं. किल्ली तिच्या आईकडं, टोव्हाकडं. आत गेलं की 'बुचरपासून सावधान' (बुचर म्हणजे खाटीक, खुन्याला पडलेलं नाव) अशी पत्रकं सापडतात, एक विचित्र ताईत मिळतो, खुन्याची रोजनिशी मिळते. एका कपाटाच्या पाठीमागची फळी खोटी आहे. ती सरकवली की मागं खोली, हाडं, रक्तानं माखलेली वेदी आणि दुसरी रोजनिशी. कपाट रिकामं दिसतं म्हणून बरेच जण पुढं जातात. कर्सर हळूहळू कपाटाच्या आतल्या बाजूवर फिरवला तर फळीचं नाव वेगळं उमटतं. खोलीतली प्रत्येक वस्तू अशीच 'वाचायची', नुसती बघायची नाही.

आता क्वेस्ट फाटते. पत्रकांचा माग काढला तर व्हायोला जिओर्डानो ही शहरातली बाई भेटते, तीच ती चिकटवत होती. ती संशय घेते राजदरबारच्या म्हाताऱ्या जादूगारावर, वुनफर्थ 'द अनलिव्हिंग' याच्यावर. नावातच 'न जगणारा', राहतो एकटा, मृतांशी खेळतो अशी कुजबूज. ताईत ओळखायला गावात एकच जाणकार, कॅलिक्स्टो. तो म्हणतो, हा 'व्हीलस्टोन', दरबारच्या जादूगाराच्या अधिकाराची खूण. शिवाय ५०० सोन्याच्या मोहरांना विकत घेतो म्हणतो. दोन्हीकडून बोट एकाच माणसाकडं. भाचा उतावीळ झाला. "मामा, सगळेच त्याचं नाव घेऊ राह्यले ना, चला जोर्लेफला सांगू!"

सांगितलं तर काय होतं? जोर्लेफ ऐकतो. वुनफर्थ तुरुंगात जातो. खेळ 'चूक' असं कुठंही म्हणत नाही. लाल अक्षरं नाहीत, बिगुल नाही. काही दिवस शहर निवांत, आणि मग पुन्हा एक बाई मेलेली सापडते.

या क्वेस्टची खरी कमाल मला इथं दिसते. बहुतेक साइड क्वेस्टमध्ये चुकणं म्हणजे मरणं, आणि मेलात की मागच्या सेव्हवरून, म्हणजे खेळ जिथं साठवून ठेवला होता तिथून, पुन्हा सुरू. इथं चुकलात तरी खेळ पुढं चालू राहतो, तुमची चूक सोबत घेऊन. जर्नलमधला बाण कुणाशी बोलायचं ते दाखवतो. त्याचं खरं मानायचं की नाही ते दाखवत नाही. वर्षानुवर्षं बाणामागं पळायची सवय लागलेल्या खेळाडूला हे कळतच नाही, कारण इतर ठिकाणी बाण म्हणजेच उत्तर असतं.

पुरावे पुन्हा मांडून बघा. वुनफर्थविरुद्ध काय आहे? एका बाईचा संशय आणि संग्रहालयवाल्या कॅलिक्स्टोचं मत. त्या कॅलिक्स्टोची लायकी काय? ज्यानं याचं संग्रहालय दोन मोहरा देऊन पाहिलंय त्याला आठवत असेल: हा माणूस एक काटा दाखवून सांगतो, हा राजा यिसग्रामोरचा सूप प्यायचा चमचा. काट्यानं सूप! बहुतेक लोक हसून पुढं जातात. पण ज्याला काटा आणि चमचा यांतला फरक सांगता येत नाही, किंवा जो बिनदिक्कत थापा मारतो, त्याच्या शब्दावर आपण एका माणसाला तुरुंगात धाडणार आहोत. त्यात खून झाला त्या रात्री तो तिथंच उभा होता. त्यात वाकड्या पात्याचं प्राचीन हत्यार. त्यात ताईत ताबडतोब आपल्याकडं घ्यायची त्याची घाई. एकेक गोष्ट सुटी-सुटी पोकळ वाटते, पण चारही एकाच दारात जमा होतात.

म्हणून पुढची चाल अशी: ताईत विकायचा नाही, जोर्लेफकडंही जायचं नाही, आधी ज्याच्यावर आळ आहे त्यालाच भेटायचं. वुनफर्थ चिडतो, साहजिक आहे. पण ताईत पाहिल्यावर सांगतो की हा व्हीलस्टोन-बिलस्टोन काही नाही, मृतात्म्यांशी व्यवहार करणाऱ्या मांत्रिकांचा ताईत आहे. तो स्वतः या खुनांच्या वेळांचा हिशेब ठेवतोय. पुढचा वार स्टोन क्वार्टरमध्ये, म्हणजे बाजाराच्या भागात, रात्री पडणार असं तो सांगतो.

मग बाजारात थांबायचं. इथं बरेच जण गडबड करतात. वाट बघायची सोय वापरून एकदम बारा तास उडवतात आणि नेमका क्षण हातातून निसटतो. संध्याकाळीच जाऊन उभं राहावं, तास-तासानंच वेळ पुढं न्यावा, शक्यतो काही न करता नुसतं बघत राहावं. कॅलिक्स्टो येतो, आरिव्हानिया नावाच्या बाईमागं चालू लागतो आणि सुरी काढतो. एवढ्यासाठीच ती तलवार. त्याला मारलं, जोर्लेफला कळवलं की आकडा शेवटच्या टप्प्यावर जातो. त्याच्याकडच्या कागदांतून कळतं की मेलेल्या बहिणीला, लुसिलाला, परत जिवंत करायचं वेड त्याला लागलं होतं. रोजनिश्यांतली ती हाडामांसाची यादी त्यासाठीच होती.

एवढं नीट करूनही क्वेस्ट अडकू शकते, आणि 'ब्लड ऑन द आइस' तर त्यासाठीच कुप्रसिद्ध आहे. पहारेकरी पुढचं बोलतच नाही, कॅलिक्स्टो बाजारात येतच नाही, जर्नलमधली ओळ कायमची तशीच, असे अनुभव जगभरच्या खेळाडूंना आलेत. यामागं बहुतेक वेळा दोन क्वेस्ट एकमेकींच्या पायात पाय घालतात.

टोव्हाचंच बघा. फ्रिगाची जुळी बहीण निल्सिन. दुसऱ्याच एका क्वेस्टमध्ये, डार्क ब्रदरहुड या मारेकऱ्यांच्या संघटनेच्या कामात, तुम्हाला याच निल्सिनला मारायचा पर्याय येतो. तुम्ही ते आधी करून बसलात तर दोन्ही मुली गेल्याच्या दुःखात टोव्हाही जीव देते. गोष्ट म्हणून ही फार जड आहे, आणि कुणीतरी ती विचार करून लिहिलीय. पण आता 'ब्लड ऑन द आइस'मध्ये किल्ली देणारी बाईच उरली नाही. क्वेस्टच्या तक्त्यात काही भूमिका असतात: साक्षीदार, किल्ली देणारा, बळी, खुनी. त्या भूमिकेतलं पात्र मेलं तर दुसरी वाट लिहून ठेवलेली असावी लागते. नसली तर टप्पा तिथंच गोठतो. म्हणून काही महत्त्वाची पात्रं खेळानं अमर करून ठेवलेली असतात, कितीही मारा, गुडघ्यावर बसतात आणि पुन्हा उठतात. भाबड्या खेळाडूला ती गंमत वाटते. ती गंमत नसते, क्वेस्ट वाचवायची धडपड असते.

दुसरं कारण क्रम. ह्येरिम हे घर या खेळात विकत घेता येतं. एकाच घराला दोन कामं दिली, खुन्याचा अड्डा आणि खेळाडूचं राहतं घर, की कोणतं आधी झालं यावर बरंच अवलंबून राहतं. लिहिणाऱ्यानं जो क्रम मनात धरला होता तो खेळाडूनं पाळलाच पाहिजे असं बंधन नाही, आणि मोकळ्या जगाचा खेळ म्हटल्यावर तो पाळला जात नाही हे ओघानं आलंच. शेकडो क्वेस्ट, हजारो अटी. कोणत्या दोन कधी एकमेकींवर आदळतील हे बनवणाऱ्यालाही आधी पूर्ण दिसत नाही. मला तर नवल वाटतं की हे एवढं तरी चालतं.

उपाय? कॉम्प्युटरवर खेळत असाल तर खेळाडूंनीच मिळून बनवलेला 'अनऑफिशियल स्कायरिम पॅच' फुकट मिळतो. बेथेस्डानं स्वतः न दुरुस्त केलेल्या असंख्य चुका त्यात दुरुस्त केल्यात. हे लोकांना जमलं, कारण फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीनं 'क्रिएशन किट' हे अवजार सगळ्यांसाठी खुलं केलं. ते उघडलं की वर सांगितलेला टप्प्यांचा तक्ता जसाच्या तसा डोळ्यांनी दिसतो: आकडा, त्यापुढं जर्नलची ओळ, त्यामागं 'पपायरस' भाषेतला प्रोग्राम. ज्या पोरांना पुढं प्रोग्रामिंग शिकायचंय त्यांनी हा तक्ता एकदा बघावाच. 'अट पूर्ण असेल तर हे कर' हे वाक्य वर्गात रुक्ष वाटतं, इथं त्याला रक्ताचे डाग लागलेले असतात.

कॉम्प्युटरवर आणखी एक चोरवाट आहे. कमांड लिहायची खिडकी उघडून 'सेटस्टेज' लिहायचं, पुढं क्वेस्टचं अंतर्गत नाव (हिचं 'एमएस११') आणि हवा तो आकडा. क्वेस्ट थेट त्या टप्प्यावर उडी मारते. पण मधल्या टप्प्यांवर जी कामं आपोआप व्हायची होती ती राहून जातात, मग कुठं एखादं पात्र जागेवर पोचत नाही, कुठं दार उघडत नाही. सगळे उपाय थकल्याशिवाय ती वापरू नये, आणि वापरण्याआधी वेगळा सेव्ह करून ठेवावा.

सेव्हवरून आठवलं. खान्देशात उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. खेळ आपोआप सेव्ह होतो खरा, दारातून आत-बाहेर करताना, वाट बघताना, झोपताना. पण नेमकं फाइल लिहिली जात असताना वीज गेली तर ती फाइल खराब होऊ शकते. शिवाय आपोआप होणारे सेव्ह जुन्यावर नवे बसत जातात. चूक तासाभरानं कळली तर मागं जायला काही उरत नाही. म्हणून या क्वेस्टमध्ये हातानं वेगळे सेव्ह ठेवावेत: स्मशानातल्या घोळक्याशी बोलण्याआधी एक, ह्येरिममध्ये शिरण्याआधी एक, आणि व्हायोलाला भेटून झाल्यावर, जोर्लेफ की वुनफर्थ हे ठरवण्याआधी एक. चुकल्यावर मागं जाणं म्हणजे लबाडी, असं काही कट्टर खेळाडू म्हणतात. त्यांच्या घरी इन्व्हर्टर असणार.

सगळ्याच साइड क्वेस्टवर एवढी मेहनत घ्यायची गरज नाही, हेही सांगायला हवं. स्कायरिममध्येच कितीतरी कामं साच्यातून काढलेली असतात: अमुक गुहेत जा, अमुक वस्तू आण. गुहेचं नाव आणि वस्तू खेळ दर वेळी बदलतो, साचा तोच. ती कधी संपत नाहीत आणि त्यांत शोधण्यासारखंही काही नसतं. बाणामागं जा, काम उरकून मोकळं व्हा. ओळखायचं कसं? काम देणाऱ्याला तुमच्या उत्तरानं काही फरक पडत नसेल, कुणाची रोजनिशी वाचायला मिळत नसेल, दोन माणसं एकाच गोष्टीबद्दल वेगवेगळं बोलत नसतील, तर तो साचा. परस्परविरोधी बोलणारी दोन माणसं भेटली की मात्र वही काढायची.

अशीच वही काढायला लावणारी एक क्वेस्ट २०१५ च्या 'द विचर ३'मध्ये आहे. फाइक बेटावरच्या मनोऱ्यात ॲनाबेल नावाच्या मुलीचं भूत भेटतं आणि विनवतं, माझ्या अस्थी माझ्या प्रियकराकडं, ग्रॅहमकडं, नेऊन दे. ऐकणाऱ्याला दया येते. अस्थी नेल्या तर त्यासोबत रोगराई पसरवणारी पिशाच्ची मोकळी सुटते आणि ग्रॅहमचा जीव जातो. नकार देऊन ग्रॅहमलाच मनोऱ्यात आणलं तरी तो मरतोच, फक्त शाप सुटतो. तिथं बरोबर उत्तर असं काही नाही. विंडहेल्ममध्ये आहे, एवढाच काय तो फरक, आणि म्हणून शिकायला विंडहेल्म बरं.

क्वेस्ट झाल्यावर हातात काय उरतं? मोहरांची थैली वगैरे नाही. तो ताईत विकला नसेल तर तुमच्याकडंच राहतो: गळ्यात घातला की जादूची शक्ती ५० नं वाढते, भुतं-प्रेतं बोलावण्याच्या मंत्रांना २५ टक्के कमी शक्ती लागते, पण जखम भरणं आणि दम परत येणं ७५ टक्क्यांनी मंदावतं. तलवारबाजाला निरुपयोगी, मांत्रिकाला सोनं. भाचा तलवारवाला आहे, त्यानं तो पेटीत टाकून दिला. ह्येरिम विकत घ्यायचा विचार असेल तर थोडं थांबावं लागतं, कारण बंडखोर आणि साम्राज्य यांच्यातल्या युद्धातही तुम्ही काही केलेलं असावं लागतं. आणि घर मिळालं म्हणून खूश होऊन आत गेलात तर भिंतीवरचे डाग आणि मागच्या खोलीतली हाडं तशीच असतात. खुन्याची घाण साफ करायचे पैसे वेगळे पडतात, तेही घरमालकाच्याच खिशातून.